चीनचं कर्ज सापळा, मग आपलं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेवर पानभर लेख होता तो वाचला. चीन होता, अमेरिका होती, माली आणि नायजरमधून फ्रान्सला कसं गाशा गुंडाळून जावं लागलं तेही होतं, रशिया तर होताच, फक्त आफ्रिकेतल्या एकाही माणसाचं म्हणणं त्यात नव्हतं. कोण जिंकतंय, कोण हरतंय एवढंच, जसं काही तिथे कुणी राहतच नाही. माझा मेहुणा बरीच वर्षं नैरोबीत हार्डवेअरच्या धंद्यात आहे त्यामुळे केनियाच्या बातम्या आमच्या घरात जरा जास्तच वाचल्या जातात, म्हणून तिथलंच सांगतो.

मोम्बासा बंदर ते नैरोबी ही नवी रेल्वे २०१७ ला सुरू झाली. बांधली चिनी कंपनीने, कर्ज चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं, साधारण ३.२ अब्ज डॉलर, त्यातल्या निम्म्यावर २ टक्के व्याज आणि उरलेल्या निम्म्यावर बाजारभावाचं. आता यावर केनियन लोकांची तक्रार काय? गाडी वाईट आहे असं फार कुणी म्हणत नाही, लोक तिने आवडीने जातात, मेहुणाही जातो. तक्रार अशी की कर्ज फेडायचं तर मालगाड्या भरून गेल्या पाहिजेत, म्हणून सरकारने २०१९ मध्ये हुकूम काढला की बंदरावर उतरलेला माल रेल्वेनेच नैरोबीच्या डेपोत न्यायचा, आणि त्यात मोम्बासाचे ट्रकवाले, गोदामवाले, हमाल, हायवेवरचे खानावळवाले सगळे मेले. दर सोमवारी मोर्चे निघायचे तिथे. शेवटी २०२२ ला रुटो अध्यक्ष झाले तेव्हा पहिल्या झटक्यात तो हुकूम मागे घेतला गेला.

आणि दुसरी तक्रार, माझ्या मते हीच खरी मोठी, की करार कुणी बघितलाच नव्हता! ओकिया ओमटाटा नावाचा एक कार्यकर्ता (आता सिनेटर आहे) आणि तिथली वकिलांची संघटना हे २०१४ पासून कोर्टात भांडत होते की टेंडर न काढता एवढं मोठं काम दिलंच कसं. २०२० मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं (२०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला), पण तोवर रेल्वे धावायला लागून तीन वर्षं झाली होती, आता काय उपटणार. कराराचे थोडे कागद २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आले, त्यात गुप्ततेचं कलम आणि वाद झाला तर निवाडा चीनमध्ये. मोम्बासा बंदर चीन जप्त करणार हा मेसेज आपल्याकडे अजून फिरतो, तुमच्या लेखातही होता, पण कागद नीट तपासलेल्या अभ्यासकांनी बंदर गहाण ठेवलेलं नव्हतं असंच सांगितलंय. मुळात कागद लपवले नसते तर अशा अफवांना एवढं बळ मिळालंच नसतं ना.

आता जरा आपल्याकडे येतो, कारण लेखात हे अजिबातच नव्हतं. २०२४ च्या जुलैमध्ये नैरोबीचा विमानतळ अदानींना ३० वर्षं चालवायला द्यायचा प्रस्ताव सोशल मीडियावर फुटला. १.८५ अब्ज डॉलरची गुंतवणूक, नवी धावपट्टी वगैरे, पण इथेही खुलं टेंडर नाही, कंपनीने स्वतःच प्रस्ताव दिलेला. मग परत तेच, वकिलांची संघटना कोर्टात, सप्टेंबरमध्ये कोर्टाची स्थगिती, पाठोपाठ विमानतळ कामगारांचा संप, प्रवासी तासन् तास अडकलेले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत अदानींवर आरोपपत्र आलं (कंपनीने आरोप नाकारलेत आणि विमानतळाचा पक्का करार झालेलाच नव्हता असंही सांगितलंय) आणि रुटोंनी संसदेत उभं राहून प्रस्ताव रद्द केला, खासदारांनी बाकं वाजवली.

तेव्हा आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं म्हणाल तर हे भारतविरोधी कारस्थान आहे, चीननेच पढवलंय यांना. अहो पण हेच लोक, हीच वकिलांची संघटना, चीनच्या रेल्वेविरुद्ध दहा वर्षं आधी कोर्टात गेली होती तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या! त्यांचा प्रश्न दोन्ही वेळेला एकच होता, करार दाखवा आणि टेंडर कुठेय ते सांगा.

झांबियाचंही तेच. तिथली कोंकोला तांब्याची खाण २००४ मध्ये भारतीय मालकाच्या वेदांता कंपनीकडे गेली, मग खाणीजवळच्या चिंगोलाच्या गावकऱ्यांनी नदीचं पाणी खराब झालं म्हणून थेट लंडनला दावा लावला, १,८२६ लोकांनी. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने दावा लंडनमध्ये चालेल असं सांगितलं आणि २०२१ ला कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच पट्ट्यात कित्वेजवळ चिनी कंपनीच्या खाणीचा गाळाचा बांध फुटला आणि आम्लाचं पाणी काफुए नदीत गेलं. नदीकाठच्या शेतकऱ्याला मालक कुठल्या देशाचा याने काय फरक पडतो?

तरी तिथे सगळे परकीयांवर चिडलेत असंही समजू नका. अफ्रोबॅरोमीटर या आफ्रिकेत जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१९ ते २१ मध्ये ३४ देशांत लोकांना विचारलं तेव्हा चीनचा प्रभाव चांगला म्हणणारे ६३ टक्के निघाले आणि अमेरिकेचा ६०, म्हणजे बहुतेकांना दोघंही चालतात. पण आपल्या देशाने विकासाचा नमुना कुणाचा घ्यावा विचारल्यावर अमेरिका ३३ आणि चीन २२. रस्ते, बंदरं, वीज हवीच आहे त्यांना, नको कोण म्हणेल.

नैरोबीची मोठी वर्तमानपत्रं इंग्रजीत आहेत, नेटवर मिळतात. पुढच्या वेळी पानभर जागा देणार असाल तर तिथल्या एखाद्या पत्रकाराचा लेख रीतसर परवानगी घेऊन मराठीत छापा, आणि जमलं तर मोम्बासाच्या ट्रकवाल्यांवर एक वेगळी बातमी करा, हुकूम मागे घेतल्यावर त्यांचा धंदा कितपत परत आला ते वाचायचंय.

आपला,
एक जुना वाचक, सांगली