पाठकोऱ्या कागदासाठी आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या यादीतील तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने मांडणारी पर्ल या संगणकभाषेतली जुनी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) नव्या संगणकावर न्यायची होती. 'रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधण्याची खूणभाषा) सगळीकडे सारखेच असते', असे छातीठोकपणे सांगणारे दोन जाणकार तुमच्याआधी येऊन गेले. पहिल्यांनी ती ओळ पायथन या दुसऱ्या भाषेमध्ये जशीच्या तशी उतरवली आणि तारखांच्या जागी नुसती डॉलरची चिन्हे उमटली, कारण पकडलेला गट, म्हणजे नमुन्याने वेगळा काढलेला तारखेचा तुकडा, पर्लमध्ये डॉलरने मागवतात, पायथनमध्ये बॅकस्लॅशने. दुसऱ्यांनी जावास्क्रिप्ट निवडली. तिथे डॉलर चालले, पण 'सगळीकडे बदल' असे सांगणारा शेवटचा 'जी' गाळल्याने पुस्तक नेल्याची तारीख बदलली आणि परत केल्याची तशीच राहिली. देवनागरी अंकांना तर हातही लागला नाही. यावर 'तुमची यादीच खराब आहे', हे उत्तर मिळाले, ते अजून सलते.

तुम्ही महाल भागातून भर उन्हात आलात आणि कीबोर्डला हात न लावता चहाच्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे ओढलीत. त्यावर 'अबक' नव्हे, तर आमच्याच यादीतली ओळ लिहिलीत: नेले १२/०३/१९८४, परत २६/०३/१९८४. खाली प्रत्येक भाषेचा रकाना आखून पेन्सिल माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "आधी तुम्ही लिहा काय येईल ते, मग चालवून बघू." माझी तीन उत्तरे चुकली, तुम्ही हसला नाहीत. पायथन न सांगता सगळ्या तारखा बदलते, जावास्क्रिप्टला 'जी' द्यावाच लागतो. पायथनच्या बॅकस्लॅश-डीला, म्हणजे 'कोणताही अंक' या खुणेला, '१२' हे अंक वाटतात, जावास्क्रिप्टची खूण मात्र शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांपलीकडे काहीच ओळखत नाही, हे मला त्या कागदावर दिसले. यादी खराब नव्हती, हे तुम्ही मोठ्याने म्हणालात, तेही आमच्या अध्यक्षांसमोर. त्या एका वाक्याचे ऋण माझ्यावर स्क्रिप्टपेक्षा मोठे आहे. जाणकार असूनही समोरच्याला अडाणी न ठरवणारी माणसे मला फार भेटलेली नाहीत.

तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. जावा या आणखी एका वेगळ्या भाषेचा रकाना तुम्ही रिकामा सोडला होता, तो मी पेन्सिलीनेच भरला आहे: सगळ्या तारखा घेते, गट डॉलरने मागवते, पण वेगळे सांगितल्याशिवाय देवनागरी अंक ओळखत नाही. अजून चालवून पाहिलेले नाही. तुम्ही याल तेव्हा सोबतच पाहू.

आपली कृतज्ञ,
वाचनालयातील लिपिक, नागपूर