हृदय आपोआप चालतं, फुफ्फुसं नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राणायामावर लेख आला होता, बाकी छानच होता पण एक वाक्य खटकलं, की हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही जन्मापासून आपोआप चालतात. अहो हृदयाचं खरंय, त्याचा पेसमेकर, म्हणजे ठोक्यांचा ठेका धरणाऱ्या पेशी, त्याच्याच आत आहे. पण फुफ्फुसं म्हणजे नुसता भाता, तो ओढायला कुणीतरी लागतं. बरगड्यांचे स्नायू आणि छाती-पोटामधला पडदा तो ओढतात आणि त्यांना ऑर्डर येते मानेच्या जरा वरून, ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून. तिथे दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक इवलासा पुंजका आहे, प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स म्हणतात त्याला.

नाव ऐकून कुणी मोठा शास्त्रज्ञ असेल असं वाटतं ना, पण ते चक्क एका जर्मन वाइनचं आहे! १९७८ मध्ये जर्मनीत एका कॉन्फरन्सला जॅक फेल्डमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने टेबलावरची बाटली बघून शेजारच्या भागाला बोट्झिंगर नाव दिलं, आणि मग हा झाला प्री-बोट्झिंगर. १९९१ मध्ये त्यांनी आणि जेफ्री स्मिथ वगैरे मंडळींनी दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूची, हा भाग असलेली पातळ चकती बशीत ठेवली, ना छाती ना फुफ्फुस, तरी ती श्वासाचा ठेका देतच राहते. आपल्याकडे दिवसाला २१,६०० श्वास सांगतात, मिनिटाला १५ धरले तर हिशोब बरोबर बसतो, तर तो ठेका धरणारा हा असा.

आता एका वाक्यासाठी पत्र कशाला, तर मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मागे बाईकवरून पडलेला एक पोरगा होता, हेल्मेट नव्हतं. डॉक्टरांनी ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, असं सांगितल्यावर त्याचे वडील मला म्हणाले, सिस्टर हात गरम आहे, छाती हलतीय, मॉनिटरवर ठोके दिसतायत आणि तुम्ही म्हणता गेला? फुफ्फुसं तर आपोआप चालतात ना. काय बोलणार. छाती व्हेंटिलेटर हलवत होता आणि ऑक्सिजन मिळतोय तोवर हृदय आपलं स्वतःच्या पेसमेकरवर चालू होतं, एवढंच.

ब्रेनस्टेम खरंच बंद पडलाय याची खात्री करायला अ‍ॅप्निया टेस्ट असते, स्वतःहून श्वास येतो का ते बघायची. व्हेंटिलेटर काढतात, ऑक्सिजनची नळी तेवढी ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. तुम्ही आत्ता दम धरून बघा, थोड्या वेळात जीव घाबरा होतो की नाही, तो याच कार्बन डायऑक्साइडमुळे, तो वाढला की ब्रेनस्टेम श्वास घ्यायला लावतोच (प्राणायामातला कुंभकसुद्धा त्यापुढे फार टिकत नाही). त्या पोराने एकही श्वास घेतला नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनल लागतं आणि सगळ्या टेस्ट किमान सहा तासांनी परत करतात, उगाच कुणी एकटा ठरवत नाही. आणि अवयवदानाचं विचारायचं असतं ते नेमकं याच वेळी, समोर छाती हलताना दिसत असते तेव्हा.

म्हणून म्हणते, त्याच पुरवणीत त्याच जागी दुरुस्ती छापा. चौकट देणार असाल तर बाटलीचा किस्सा पण टाका, पोरं तेवढं तरी लक्षात ठेवतील.

आपली नेहमीची वाचक,
एक स्टाफ नर्स, सोलापूर