बॉयलरच्या नळीचा तुकडा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हे नऊ म्हणजे काय गं? शंभरातले नऊ का?" दादाच्या ओमने मोबाईलवर माझं नाव टाकलं आणि 'एच-इंडेक्स ९' असं आलं म्हणे. मी लॅबमध्ये होते, "मग सांगते" म्हणून फोन ठेवला. ठेवताठेवता आईचा आवाज आलाच, "मग इतकी वर्षं काय करून राहिली पोरगी तिथं?" ते काही मनातून जाईना, म्हणून सावकाश लिहायला बसले.

शंभरातले नाहीत, बाबा. माझे नऊ पेपर, म्हणजे शोधनिबंध, असे आहेत की प्रत्येकाचा दाखला इतरांनी निदान नऊ वेळा दिलाय. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा हिशेब बसवला. मागच्या वर्षी एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते, तिथे याच आकड्यावर माझा अर्ज बाजूला पडला. तुम्हाला बोलले नाही. फार लागलं होतं तेव्हा.

पण आज सांगायचंय ते वेगळं. समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी बॉयलरच्या नळीचा तो कापलेला तुकडा आहे ना, तुम्ही पॉवर प्लँटमधून आणलेला? बाहेरून अगदी धडधाकट, आणि एका अंगाला मुगाच्या दाण्याएवढं भोक. अकरावीत व्हर्नियर हातात आल्याआल्या मी त्याचीच जाडी मोजली होती. एकीकडे पाच मिलिमीटर, भोकापाशी दीडसुद्धा नाही. "राख उडत राहते आणि एकाच जागी घासते," तुम्ही म्हणालात. रात्री-अपरात्री फोन यायचा, 'ट्यूब लीकेज' एवढे दोनच शब्द, की तुम्ही स्वेटर चढवून निघायचे. आई दार लावून मग बराच वेळ जागी असायची.

माझंही काम भिंतीचंच आहे. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं एक मोठं पात्र. त्यात प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे होईपर्यंत तापलेला वायू, चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून दूर धरून ठेवायचा. सूर्यासारखे अणू एकमेकांत जुळवून ऊर्जा काढायची, त्यासाठी हा खटाटोप. फ्रान्समध्ये ईटर नावाचा अनेक देशांचा मिळून एक मोठा टोकामॅक उभा राहतोय, आपला देशही २००५ पासून त्यात आहे. तिथे १५ कोटी अंशांपर्यंत जायचंय. सूर्याच्या पोटातच मुळी दीड कोटी. उद्या यातून वीज झालीच तर बहुधा तीही पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवूनच होईल, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं ते पी. के. काव यांनी. श्रीनगरचा जन्म, १९६६ मध्ये आयआयटी दिल्लीची पीएच.डी., तेव्हा वय अठरा. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला नाव झालं, आणि तरी ते परत आले. १९८६ मध्ये प्लाझ्मा संशोधनाची स्वतंत्र संस्था झाली, तिचे ते पहिले संचालक, २०१२ पर्यंत. देशात घडवलेला पहिला टोकामॅक, 'आदित्य', १९८९ मध्ये तिथेच सुरू झाला. १९९२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आदित्यवरच्या मोजमापांवर एक पेपर लिहिला. प्लाझ्माच्या कडेची खळबळ एकसारखी नसते, झटक्याझटक्यांनी येते, असं त्यात दाखवलं. तुम्हाला हे लगेच कळेल. एकसारखी झीज सोसणारी भिंत वेगळी आणि झटके खाणारी वेगळी.

माझं काम त्या झटक्यांवर. प्लाझ्माच्या कडेला टंगस्टनची बारीक पिन धरून मोजतो आम्ही. झटका बसला की कधीकधी पिनच इतकी तापते की स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागते, आणि आकडा खोटा येतो. तो खोटा आकडा ओळखायचा कसा, एवढाच माझ्या एका पेपरचा विषय. चार वर्षांत दोन दाखले. नऊमध्ये तो बसतच नाही.

आणि मागच्या महिन्यात बाहेरच्या देशातल्या एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीची मेल आली. आठ महिने तिचे आकडे जुळत नव्हते. माझ्या पेपरातला तिसरा आलेख तिने आपल्या आलेखाशेजारी ठेवला आणि तिला कळलं, पिन तापतेय. छापायला पाठवलेला पेपर तिने मागे घेतला. चुकीचं काही छापून यायचं राहिलं, बाबा. न छापलेल्या पेपरात माझा दाखला कुठून येणार? मी ती मेल चारदा वाचली. तुम्ही ड्यूटी संपताना लॉगबुकात लिहायचे ना, अमुक ठिकाणी आवाज येतोय, लक्ष ठेवा. पुढच्या शिफ्टचा माणूस वाचायचा आणि रात्र शांत जायची. ती रात्र कोणत्या रजिस्टरात चढली?

मला तुमच्यासारखंच लिहायचंय. आई, पोरगी हे करून राहिली इथं.

तान्ह्या पोळ्याला येते. ओमचा लाकडी बैल सजवायला मीच बसणार, त्याला सांगून ठेवा. परतताना नळीचा तो तुकडा घेऊन जाईन म्हणते, यंदाच्या नव्या मुलांना दाखवायला. आई, दिवाळीच्या आवरासावरीत तू तो घासतेस, यंदा नको. आतली राख तशीच हवी मला. आणि गुडघ्याचा पट्टा रोज लावत जा.

तुमची,
मनू