'कॉपी' असा शेरा मारण्याआधी

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,

परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत दर शनिवारी सात-आठ मुलं कोडिंग शिकायला येतात. लॅपटॉप दोन, त्यातल्या एकाची बॅटरी गेलेली. मागच्या महिन्यात सातवीतली एक मुलगी तोंड पाडून आली. स्क्रॅचवर (सूचनांचे ठोकळे म्हणजे 'ब्लॉक' जोडून गेम बनवायची मुलांची कोडिंगची भाषा) केलेल्या तिच्या गेमच्या प्रिंटआउटवर शाळेतला लाल शेरा होता: 'कॉपी केली आहे. ० गुण.'

गेम मुळात दुसऱ्याचा, हे खरंच. जाळ्याने मासे पकडायचा. तिने रीमिक्स करून, म्हणजे तोच गेम घेऊन त्यात आपले बदल करून, माशांचे प्रवासी केले, जाळ्याची लोकल. इथवर नुसती रंगरंगोटी, हे मीही मान्य करते. मग गाडी स्टेशनात थांबावी म्हणून तिने 'सेकंद' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा ठेवायची जागा, घेतलं: २० वरून एकेक कमी, शून्य झाले की गाडी सुटणार. सेकंद उणे सातवर गेले तरी गाडी हलेना! 'शून्य झाले का' ही अट सतत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या 'फॉरएव्हर' ब्लॉकच्या बाहेर राहिली होती, त्यामुळे ती सुरुवातीला एकदाच तपासली जायची. हे शोधायला तिला दोन शनिवार लागले. शेरा मारणाऱ्यांनी मूळ गेम शेजारी उघडला असता, तर हे दोन शनिवार दिसले असते.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली स्क्रॅच खुलं केलं तेच दुसऱ्याचं उघडून बघा, बदला, पुन्हा वाटा या हिशेबाने. रीमिक्सच्या पानावर मूळ प्रोजेक्टचं नाव आपोआप येतं. कुणाचं कुणी घेतलं याची वंशावळ तिथे आयतीच आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग आलं, पण आपण तपासतोय मात्र निबंधासारखं.

मागणी छोटी आहे. मुलाने मूळ प्रोजेक्टची लिंक द्यावी आणि दोन ओळी लिहाव्यात: काय बदललं, कुठे अडलं. गुण त्या बदलाला द्या. मुलांच्या खात्यांवर पाळत नको. आणि कृपा करून यासाठी नवं पोर्टल काढू नका, शिक्षकांच्या डोक्यावर आहेत तेवढी पुरेत.

परवा तिच्याच गेमचा कुणीतरी रीमिक्स केलाय. त्यात पाऊस पडतो आणि गाडी कुर्ल्याला अडकते. हा पाऊस कसा पाडला, ते ती या शनिवारी उघडून बघणार आहे. शाळेतलं शून्य अजून तसंच आहे.

आपली,
शनिवारच्या वर्गाची बाई, परळ