मलमल शिवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी महानायकांच्या, म्हणजे सुपरहिरोंच्या, विनोदी चित्रपटांवर चांगलाच आसूड ओढला आहे. तंग कपडे घातलेले थोराड लोक उड्या मारतात, मधेच पाचकळ विनोद करतात, त्यातून प्रेक्षकाने घ्यायचं काय, असा त्यांचा सवाल. मी एरवी पत्रं वाचतो, लिहीत नाही. पण तंग कपड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. इंदूरच्या मल्हारगंजात बेचाळीस वर्षं माझं शिलाईचं दुकान होतं. आता डोळ्यांमुळे काज-बटणं सुनेकडे आणि मशीन घरात, खिडकीपाशी.

आधी एक गोष्ट त्या गृहस्थांच्या कानावर घालतो. 1938 साली अमेरिकेत ज्या दोन पोरांचा सुपरमॅन छापून आला, त्यातल्या चित्र काढणाऱ्या जो शूस्टरचा बाप शिंपी होता. गोष्ट लिहिणाऱ्या जेरी सीगलच्या बापाचं कपड्यांचं दुकान होतं. तेव्हा या तंग कपड्यांच्या खानदानात आमचीही बिरादरी आहे. चड्डी पँटवर कशाला, हे मात्र मला विचारू नका. गिऱ्हाइकाने सांगितलं की शिवायचं.

तर, माझ्या नातवाने मला ‘मिन्नल मुरली’ दाखवला. मूळ मल्याळम, बेसिल जोसेफने केलेला, 2021 च्या नाताळच्या आदल्या दिवशी नेटफ्लिक्सवर आला. आम्ही हिंदीतून पाहिला. केरळातलं एक खेडं, नव्वदचं दशक, आणि नायक कोण? शिंपी! टोविनो थॉमसचा जेसन बापाच्या दुकानात शिवणकाम करतो आणि स्वप्नं बघतो अमेरिकेची. नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्यावर पिच्चर निघाला.” मी हसलो, पण चष्मा पुसून सरसावून बसलो हेही खरं.

जेसनच्या अंगावर वीज पडते आणि शक्ती येते. आता इथे एखाद्या गंभीर चित्रपटात ढग गडगडले असते, ढोल वाजले असते. या पठ्ठ्याला आपल्याला नेमकं काय झालंय हेच कळत नाही. मग कॉमिक्स वाचणारा भाचा मामाची परीक्षा घ्यायला बसतो, की यातली कोणती शक्ती आली आणि कोणती नाही. मी यालाच ट्रायल म्हणतो. कच्ची शिलाई घालून कपडा अंगावर चढवायचा, गिऱ्हाइकाने हात वर करायचा, खाली वाकायचं, आणि काखेत ओढलं की तोंड वाकडं करायचं. महानायकाची गंमत या ट्रायलमध्ये असते. पुढे पोलिसांना बदडायला निघतो तेव्हाही त्याच्याकडे पोशाख कुठला? तोंडाला फडकं गुंडाळलं की झाला महानायक. शिंप्याच्या घरी हे असंच चालतं. माझ्या स्वतःच्या लग्नातला कोट आदल्या रात्रीपर्यंत बिनबाह्यांचा होता.

पत्रलेखक म्हणतात, हलकंफुलकं करायला काय लागतं. साहेब, एकदा मलमल शिवून बघा. लोकांना वाटतं, कोट अवघड. कोटाला बकरम असतो, अस्तर असतं, खांद्यात पॅड असतं. माप दोन सूत चुकलं तर पोटात घेता येतं. मलमलच्या झब्ब्यात काही पोटात घेता येत नाही. सुई जाड लागली की भोक दिसतं, दोरा ताणला की चुण्या पडतात, उसवून पुन्हा शिवलं तर जुने टाके तोंड दाखवतात. हसवण्याचं काम तसं असतं. विनोद अर्ध्या क्षणाने उशिरा आला की सगळ्या चित्रपटगृहाला कळतं. रडवायला उशीर झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पार्श्वसंगीत सांभाळून घेतं.

आणि प्रेक्षक रिकाम्या हातांनी घरी जातो म्हणाल, तर या चित्रपटातला खलनायक बघा. चहाच्या दुकानात काम करणारा शिबू. त्याच्यावरही त्याच रात्री वीज पडते. गावाने त्याला वेडा ठरवलंय, आणि त्याचा जीव वर्षानुवर्षं एका बाईवर, उषावर. गुरू सोमसुंदरम हा नट असा काही बघतो तिच्याकडे, की आमच्या हिने हातातली शेंगांची परात बाजूला ठेवली. बाकी चित्रपटभर ती अर्धी स्वयंपाकघरात होती, पण शिबू पडद्यावर आला की दारात येऊन उभी. शेवटची मारामारी मला लांबली असं वाटलं. पण माणूस वाईट का होतो हे कळत असतानाही त्याच्याशी लढावं लागतं, ही अडचण त्या हसण्याच्या मधोमध ठेवली आहे. त्याचं भाषण कुणी ठोकत नाही, एवढंच.

‘शक्तिमान’ 1997 साली दूरदर्शनवर सुरू झाला तेव्हाची गोष्ट सांगतो. पुढच्या गणेशोत्सवात फॅन्सी ड्रेससाठी माझ्याकडे एकूण अकरा शक्तिमान शिवायला आले. मरून कापड आणि छातीवर सोनेरी लेसचं चक्र. क्लॉथ मार्केटमधून मी स्वतः थान आणलं. अकरावा पोशाख घाईत झाला आणि इलॅस्टिक मी स्वस्तातलं घातलं, चूक माझीच. पोरगं स्टेजवर गरगर फिरायला लागलं आणि तिसऱ्या गिरकीला इलॅस्टिक तुटलं. पण त्याने फिरणं थांबवलं नाही! एका हाताने पायजमा धरला, दुसरा हात वर ठेवला, आणि फिरतच विंगेत गेलं. मांडव नुसता कोसळला हसून. पहिलं बक्षीस झाशीच्या राणीला मिळालं. ती कोण पोर होती ते आज मल्हारगंजात कुणाला आठवत नाही. त्या शक्तिमानाला मात्र, आता दोन मुलांचा बाप असूनही, पोह्यांच्या गाडीवर लोक विचारतात, “भिया, इलॅस्टिक ठीक है ना?”

आपल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्याही आठवा, गिरणी कामगारांचे ते रोषणाईचे चित्ररथ. गिरण्यांना टाळं लागून किती वर्षं झाली, हुकुमचंद मिल तर 1991 पासून बंद, पण झांक्या निघतातच. रात्रभर फुटपाथवर चादर टाकून आपण बसतो. लहानपणी एका झांकीत तारेवरून जाणारा हनुमान मोटार अडकून मधेच लटकला होता, शेपूट तेवढी हलत होती. आमचे वडील, जे घरात फारसे हसत नसत, ते रस्त्यात बसून हसले. वडिलांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

जाता जाता एक धंद्याची बाब. 2004 च्या ‘द इन्क्रेडिबल्स’ या कार्टून चित्रपटात एडना नावाची एक बुटकी बाई आहे, महानायकांचे कपडे शिवणारी. ती पाठीवरच्या झुलीला साफ नकार देते, कारण अशी झूल विमानाच्या इंजिनात वगैरे अडकून कोणकोण गेलं याची यादी तिला पाठ आहे. बेचाळीस वर्षांत इतकं पटणारं बोलणं मी आमच्या धंद्यातल्या कुणाकडून ऐकलं नाही. नातवाने या गणपतीसाठी पोशाख मागितलाय. झूल मिळणार नाही, असं त्याला बजावलं आहे. त्याने वाद घातला, मग एडनाचं नाव काढल्यावर गप्प बसला.

पत्रलेखकांनाही माप द्यायचं असेल तर दुपारी चारनंतर यावं. इलॅस्टिक आता मी चांगलंच घालतो.

आपला,
मल्हारगंजातला एक निवृत्त शिंपी, इंदूर