प्लेट घरी करा, हवेची पिशवी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या एका तरुणाची बातमी फोटोसह वाचली. ट्रॅक्टरची ट्यूब, सीटकव्हरचे रेक्झिन आणि दप्तराचे पट्टे वापरून त्याने घरीच स्कूबाचे जॅकेट, म्हणजे सिलिंडर पाठीला धरणारे आणि हवा भरून-सोडून पाण्यात वर-खाली होणे सांभाळणारे जॅकेट, तयार केले आहे. त्याच्या हातांचे मला मनापासून कौतुक वाटते. मी भोसरीत तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर होतो आणि गेली अकरा वर्षे दर हिवाळ्यात मालवणला डायव्हिंगसाठी जातो, तेही स्वतः केलेली प्लेट, म्हणजे सिलिंडर आणि हवेची पिशवी ज्यावर बसते तो धातूचा पत्रा, पाठीला लावून. या सामानातला निम्मा भाग घरी करण्यासारखा आहे, निम्मा मुळीच नाही. बातमीत दोन्ही एकाच कौतुकात गेले, म्हणून हे पत्र.

घरी केलेल्या सामानाला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. आज जगभर वापरली जाणारी ही पाठीवरची प्लेट, बॅकप्लेटसुद्धा कंपन्यांच्या कारखान्यातून आलेली नाही. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांना बाजारातली जॅकेटे सोयीची पडेनात, तेव्हा १९७९ च्या सुमारास ग्रेग फ्लॅनगनने धातूची प्लेट पाठीशी घेतली. पुढे विल्यम होगार्थ मेनने तिच्यावरचे पट्टे साधे करत करत एका अखंड पट्ट्यावर आणले. पट्ट्यांच्या त्या साजाला, हार्नेसला, आजही ‘होगार्थियन’ म्हणतात. ज्याला पाण्यात उतरायचे होते त्यानेच केलेली वस्तू आहे ही.

आणि ती कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे होण्यासारखी आहे. ३ मिमी जाडीचा पत्रा, मध्ये सिलिंडर टेकेल असा बेंड, पट्ट्यासाठी फटी आणि मधल्या रेषेवर बोल्टची दोन भोके. त्या दोन भोकांतले अंतर मात्र केंद्रापासून केंद्रापर्यंत ११ इंच, म्हणजे २७९ मिमीच हवे. हे माप सगळीकडे पाळले जाते, त्यामुळे कुठल्याही कंपनीची विंग, म्हणजे पाठीमागची हवेची पिशवी, तुमच्या प्लेटवर बसते. लेझर कटिंगवाला हे काम तासाभरात करून देतो. पण फटींच्या कडा तशाच सोडतो. त्या कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, काढून, गोल कानस मारून, वर पॉलिश पेपर फिरवलाच पाहिजे. नाहीतर नायलॉनचा पट्टा दोन हंगामांत तिथेच कापला जातो, आणि तो खांद्यामागे असल्यामुळे आपल्याला दिसतही नाही.

पत्र्यात मी स्वतः फसलो आहे. पहिली प्लेट मी ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ एवढ्या शब्दावर घेतली. तो २०२ ग्रेडचा पत्रा निघाला. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही. समुद्राच्या पाण्याने पहिल्याच वर्षी बोल्टच्या भोकांभोवती तांबूस डाग धरले. समुद्रासाठी ३१६ ग्रेडच मागावी, मॉलिब्डेनममुळे ती खाऱ्या पाण्यात टिकते. अशी प्लेट अडीच किलोच्या आसपास भरते. ते वजन फुकट जात नाही, कमरेच्या पट्ट्यातले जवळजवळ तेवढेच शिसे कमी करता येते. बोटीत चढताना माझ्या वयाच्या माणसाच्या कंबरेला हा फरक चांगलाच जाणवतो.

पट्ट्याचेही तसेच. बॅगवाल्याकडे मिळतो तो बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनचा असतो. मऊ, बुळबुळीत, बकलमधून हळूहळू सरकणारा. एक तुकडा साबणाच्या पाण्यात नीट भिजवून बादलीत टाकावा. तरंगला तर परत करावा. हवा तो ५० मिमी रुंदीचा, हाताला कडक लागणारा नायलॉनचा पट्टा, सुमारे चार मीटर, एकसंध. कमरेला एकच स्टीलचे बकल, दोन्ही खांद्यांवर आणि डाव्या कमरेला सामान अडकवायची कडी, म्हणजे डी-रिंग, आणि प्लेट डोक्याकडे सरकू नये म्हणून दोन पायांमधून पुढे येणारा पट्टा. नायलॉन भिजला की सैल पडतो, म्हणून सिलिंडर आवळायचे पट्टे आधी भिजवून मगच ओढावेत. यात काही चुकले तर ते काठावर, कपडे घालून उभे असतानाच कळते. म्हणून मी म्हणतो, हे घरी जरूर करा.

आता पिशवी. हीदेखील मी करून पाहिली आहे.

लेपाचे नायलॉन कापड आणून इस्त्रीने कडा दाबून चिकटवल्या आणि एका जुन्या जॅकेटची नळी व इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचे बटण, त्याला बसवला. रात्रभर खाटेवर फुगवून ठेवली, सकाळी तशीच टम्म होती. मला वाटले, जमले. साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या विहिरीत चार पुरुष पाणी होते. धाकटा भाऊ वर दोर धरून उभा, दोराचे दुसरे टोक माझ्या कमरेला. तळाशी जाऊन बटण दाबले. सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणाऱ्या बारीक नळीतली हवा नऊ-दहा बार दाबाने येते. पिशवी भरली आणि बटण सोडायला मला क्षणभर उशीर झाला. जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह मी लावलेला नव्हता. कड हातभर उसवली आणि सगळी हवा एकदम निघून गेली. अंगावर प्लेट, शिसे आणि भरलेला सिलिंडर. सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा रेग्युलेटर तोंडात होता म्हणून श्वास चालू राहिला. वजनाचा पट्टा सोडला, दोराला हिसके दिले, भावाने ओढून घेतले. सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडच्या पाण्यात हेच घडले असते तर तिथे दोर नव्हता आणि भाऊही नव्हता. ती पिशवी मी त्याच संध्याकाळी कापून टाकली.

ट्यूब उसवणार नाही, मान्य. तिचा धोका उलट बाजूचा आहे, आणि तो फोटोत मला स्पष्ट दिसला. त्या जॅकेटला हवा सोडायला ट्यूबचाच व्हॉल्व्ह ठेवला आहे.

दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे ट्यूबमध्ये आठ लिटर हवा असेल तर वर येईपर्यंत ती सोळा लिटर होऊ पाहते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास ठेवायचा असतो, म्हणजे मिनिटभरात आठेक लिटर हवा बाहेर जायलाच हवी. रस्त्यावर ट्यूबची पिन दाबली की फुस्स करून हवा निघते, कारण आत मोठा दाब असतो. पाण्याखाली तसे नसते. तिथे पिशवीच्या आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक हातभर पाण्याच्या उंचीएवढाच असतो. एवढ्याशा जोरावर त्या बारीक भोकातून हवा नुसती झिरपते. हवा फुगते तसा माणूस वेगाने वर जातो, वेग वाढला की हवा आणखी फुगते. घाबरून श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते, आणि त्याला फार खोल पाणीही लागत नाही. तयार जॅकेटची रुंद पन्हाळी नळी आणि दोरी ओढून उघडणारे मोठे व्हॉल्व्ह यासाठीच असतात. युरोपात या जॅकेटांसाठी ईएन १८०९ हे वेगळे मानक आहे ते उगाच नाही.

आयात केलेले सामान महाग पडते, हे मला पेन्शनीत चांगलेच कळते. पण प्लेट आणि हार्नेस घरी केले की फक्त विंग विकत घ्यावी लागते. एका सिलिंडरसाठी १३ ते १८ किलो उचल असलेली पुरते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात पातळ सूटवर त्याहून मोठी लागत नाही. वापरलेली मिळाली तरी चालेल, फक्त व्हॉल्व्ह आणि इन्फ्लेटर जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

माझी विनंती एवढीच की हा खुलासा पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. फोटो पाहून मुले ट्यूब शोधायला लागली असतील. त्या तरुणाला माझा निरोप द्यावा की त्याने ते जॅकेट घालून पाण्यात उतरू नये. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची (एमटीडीसी) डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाऊन त्याने आधी शिकावे. माझ्या प्लेटचे मापांसह रेखाटन आणि ३१६ चा उरलेला एक तुकडा मी सोमवारी आपल्या पुणे कार्यालयात आणून ठेवतो. तो त्याच्यापर्यंत पोहोचवाल का? त्यात एक प्लेट नक्की निघेल.

आपला नम्र,
एक जुना वाचक
भोसरी, पुणे