सूचना : व्हॅनचोरीबाबत सर्व सभासदांसाठी

माल उतरवताना इंजिन चालू ठेवून गाडीपासून लांब जाऊ नका. 'दोनच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्याचीच व्हॅन जाते, कारण चोराला तेवढा वेळ पुरतो.

बिनचावीच्या व्हॅनकडे, म्हणजे चावी नुसती खिशात असली तरी उघडणाऱ्या व्हॅनकडे, विशेष लक्ष द्या. अशा व्हॅनची चावी घराच्या दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असली, की दोघे चोर यंत्राने तिचा सिग्नल पकडून गाडीपर्यंत पोचवतात आणि काच न फोडता व्हॅन घेऊन जातात. चावी सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा. पाकीट घेतल्यावर चावी आत ठेवून व्हॅनजवळ उभे राहा. दार उघडलं तर पाकीट बदला. चोरांची दुसरी वाट स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटची, म्हणजे गॅरेजवाले गाडीतला बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या सॉकेटची. तिथे यंत्र जोडून काही गाड्यांना नवी चावी शिकवता येते, म्हणून सॉकेटला कुलूप बसवून घ्या.

स्टिअरिंगला आडवा दांडा लावा. जुनाट वाटेल, पण तो कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. रात्री मागचं दार भिंतीला टेकेल अशी व्हॅन उभी करा, अवजारं उतरवून ठेवा. जीपीएस लपवून बसवा. डॅशबोर्डवरचा जीपीएस चोर आधी उपटतो.

चासी नंबर, अवजारांचे सिरियल नंबर आणि फोटो गाडीत नव्हे, फोनमध्ये ठेवा.